निद्रानाश, चिंता आणि वनौषधींचे काढे

बंगळूर शहरात कृष्णराजेंद्र मंडईच्या आसपास वनौषधींची जुनी दुकाने आहेत. कन्नड भाषेत अशा दुकानास ‘ग्रंधिगे अंगडी’ म्हणतात. आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानाचेच ते भावंड होय. पोत्यांतून आणि डब्यांतून वाळलेली मुळे, साली, पाने व फळे मांडलेली असतात. गिऱ्हाईक आपले गाऱ्हाणे सांगते: रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, मन थाऱ्यावर राहत नाही. दुकानदार अश्वगंधेची मुळे, जटामांसीचे केसाळ खोड किंवा ब्राह्मीची सुकी पाने कागदात बांधून देतो आणि काढा कसा करावा तेही सांगतो.

या मंडईपासून काही किलोमीटरांवर होसूर रस्त्याला राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. ‘निम्हान्स’ या संक्षिप्त नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि १९७४ साली ती व म्हैसूर राज्याचे जुने मानसिक रुग्णालय यांचे एकीकरण होऊन आजची संस्था अस्तित्वात आली. तेथील बाह्यरुग्ण विभागातही हीच गाऱ्हाणी ऐकू येतात. पुष्कळदा एकच मनुष्य आधी दुकानाच्या आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी इस्पितळाच्या पायऱ्या चढतो. मधल्या काळात काढ्याने त्याला गुण आला की नाही, आला असल्यास तो नेमका कशाचा होता, आणि काढा घेत बसण्यात काही हानी झाली काय, हे प्रश्न दिसतात तितके क्षुल्लक नाहीत. याच संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण करण्यात आले. प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांना चिंता व ताण यांच्याशी संबंधित विकार असल्याचे त्यात आढळले. आणि नित्य आढळणारे मानसिक विकार जडलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांना योग्य उपचार मिळालेले नव्हते. यांपैकी कित्येकांच्या घरी रात्री कसला ना कसला काढा उकळत असणार, असे मानण्यास हरकत नाही.

झोप कशी येते

वनस्पतींकडे वळण्यापूर्वी झोपेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. जागेपणी मेंदूतील पेशी ऊर्जा खर्च करतात. या व्यवहारात ॲडिनोसिन नावाचे द्रव्य निर्माण होऊन हळूहळू साचत जाते, आणि ते जसजसे साचते तसतशी झोपेची ओढ वाढते. ही एक व्यवस्था झाली. दुसरी व्यवस्था म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले दैनिक घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ते दिवस व रात्र ओळखते आणि रात्री शरीराचे तापमान किंचित उतरविते. ओढ पुरेशी साचली आणि घड्याळाची वेळही जुळली म्हणजे मनुष्य सहज झोपी जातो.

तथापि या दोन्हींवर मात करणारी तिसरी शक्ती आहे, ती म्हणजे धोक्याची जाणीव. जंगलात वाघाची चाहूल लागली असता कितीही दमलेला प्राणी झोपत नाही, आणि ही तरतूद त्याच्या हिताचीच असते. मनुष्याच्या बाबतीत वाघाची जागा मुलीचे लग्न, कर्जाचा हप्ता किंवा उद्याची परीक्षा घेते. नाडी जलद होते, स्नायू ताठ राहतात, आणि अंथरुणावर पडलेला मनुष्य घड्याळाचे ठोके मोजीत राहतो. अशा काही रात्री गेल्या म्हणजे ‘आज तरी झोप लागेल ना?’ हीच एक नवी चिंता होऊन बसते. पुढे तर नुसते अंथरूण दिसताच मन सावध होऊ लागते. जुनाट निद्रानाशाचे हे एक मुख्य कारण आहे, आणि ते ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

येथे कॉफीचा उल्लेख करावा लागतो, कारण बंगळूर हे कॉफीचे शहर आहे. कॉफीतील कॅफीन मेंदूत ॲडिनोसिनची जागा अडवून बसते. ओढ साचत राहते, पण मेंदूला ती कळत नाही. पिऊन झालेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जाण्यास सरासरी पाच तास लागतात, म्हणजे सायंकाळी सहाला घेतलेल्या पेल्यातील निम्मे कॅफीन रात्री अकरालाही रक्तात असते. आपल्या महाराष्ट्रीय घरांत कॉफीत जायफळ किसून घालण्याची चाल आहे. जायफळ झोपेसाठी आणि कॉफी जागण्यासाठी, अशी ही मौजेची जोडी होय. या झुंजीत विजय बहुधा कॉफीचाच होतो, कारण पेल्यातील जायफळ चिमूटभरही नसते. अनेकांच्या निद्रानाशावर पहिला उपाय कोणतीही मुळी नसून दुपारनंतरची कॉफी सोडणे हा आहे. दुकानदाराच्या किंवा वैद्याच्या हे ध्यानात आले तर तो सांगतोही. पण त्यात विकण्यासारखे काही नसल्यामुळे ते फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

भांड्यातील पाण्यात काय उतरते

वनस्पती आपल्या पेशींत नाना रासायनिक द्रव्ये बनवितात. त्यांतील पुष्कळशी द्रव्ये कीटक व जनावरे यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून असतात. मनुष्याच्या मज्जासंस्थेवर त्यांचा परिणाम होतो तो एका अर्थी योगायोग आहे. ही द्रव्ये पाण्यात किती उतरतात हे त्यांच्या स्वभावावर अवलंबून असते. काही पाण्यात सहज विरघळतात, काही केवळ तेलात, तुपात वा मद्यार्कात विरघळतात, तर सुगंधी तेले उकळताना वाफेबरोबर निघून जातात. आपल्या प्राचीन वैद्यांना हा भेद अनुभवाने ठाऊक होता. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच कल्पना त्यांनी सांगितल्या. शार्ङ्गधराच्या ग्रंथात क्वाथासाठी औषधाच्या सोळा पट पाणी घेऊन ते आठव्या हिश्श्यापर्यंत आटविण्यास सांगितले आहे. फांट मात्र नुसत्या गरम पाण्यात औषध भिजवून करावयाचा. आज शहरांतील दुकानांत मिळणाऱ्या औषधी चहाच्या पुड्या वस्तुतः फांटच होत. अश्वगंधा पूर्वीपासून दुधातुपाबरोबर देतात, यातही काही अर्थ असावा. एखाद्या मुळीच्या मद्यार्कातील सत्त्वावर प्रयोग झाला असेल, तर त्याचा निष्कर्ष त्याच मुळीच्या चहाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. जाहिराती हा भेद सोयीस्करपणे विसरतात.

सर्पगंधेची कथा

वनस्पतीत मन शांत करण्याचे सामर्थ्य खरोखरच असू शकते काय, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर आपल्याच देशाने जगाला दिले आहे, म्हणून ती हकिगत विस्ताराने सांगतो.

सर्पगंधा हे हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत आढळणारे हातभर उंचीचे झुडूप. बिहारात त्याच्या मुळाला ‘पागल की दवा’ म्हणत, आणि रडणाऱ्या मुलास झोपविण्यासाठी ते थोडे देण्याची रीतही तेथे होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोन्ही विकारांवर या मुळाचा उपयोग होतो असे आपल्या अनुभवावरून प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बी महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातून काही अल्कलॉइड वेगळे केले व त्यांपैकी एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. पुढे मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी हे मूळ रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. या लेखाने पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मुळातील मुख्य प्रभावी द्रव्य शुद्ध रूपात हाती आले. त्याचे नाव रेसर्पिन. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या परिणामाचे निवेदन केले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

पण कथा येथे संपत नाही. रेसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावी लागते. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन यांसारखी द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठविलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरू देत नाही, आणि साठा रिता होत जातो. रक्तदाब उतरतो, मन शांत होते, झोप येते. परंतु हीच द्रव्ये मनुष्याच्या उत्साहाशीही संबंधित आहेत. १९५० नंतरच्या दशकात रक्तदाबासाठी हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनता आल्याच्या नोंदी झाल्या, आणि त्यांपैकी काहींची अवस्था आत्मघाताचा विचार मनात येण्यापर्यंत गेली. असे किती जणांच्या बाबतीत घडले आणि त्याला औषधच कारण होते काय, याविषयी पुढील संशोधकांनी वाद केला आहे. तथापि नाक चोंदणे, अतिसार, नाडी मंदावणे, अंग थरथरणे हे परिणाम निश्चित आहेत. लवकरच दुसरी औषधे आली आणि मनोविकारांसाठी रेसर्पिनचा वापर जवळजवळ थांबला.

ज्या मुळाने झोप आणली त्यानेच हे सर्व केले; चांगले परिणाम निसर्गाचे आणि वाईट परिणाम रसायनाचे अशी वाटणी येथे करता येत नाही. ‘वनस्पतीच आहे, अपाय कसला?’ असे म्हणणाऱ्याने मनात हे पक्के ठरवावे की ती वनस्पती मेंदूवर काही करते की करीत नाही. करीत असेल तर ती औषध आहे, आणि औषधाला मात्रा, मुदत व अपाय ही तिन्ही असतात. सर्पगंधेचे मूळ आजही काही दुकानांत मिळते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने, उदासीनतेचा विकार झालेल्याने किंवा गर्भवती स्त्रीने ते घरच्या घरी घेऊ नये.

अश्वगंधा आणि तिची परीक्षा

आज सर्वांत अधिक खपणारी मुळी अश्वगंधेची आहे. तिच्या शास्त्रीय नावातील ‘सोम्निफेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘निद्रा आणणारी’ असा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात निद्रानाशाच्या ६० रुग्णांना दहा आठवडे एकतर अश्वगंधेचे सत्त्व किंवा तिच्यासारखीच दिसणारी निर्गुण गोळी देण्यात आली. सत्त्व घेणाऱ्यांना झोप लवकर लागली. असे पाच प्रयोग व त्यांतील एकूण ४०० व्यक्ती एकत्र करून २०२१ साली केलेल्या परीक्षणात परिणाम लहान, परंतु खरा असल्याचे दिसले.

निर्गुण गोळी कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी वाचकांच्या मनात येईल. निद्रानाश लाटेसारखा येतो व ओसरतो. मनुष्य औषधाकडे धावतो तो लाट शिगेला पोहोचली असता. म्हणजे त्यानंतर काहीही घेतले, नव्हे काहीच घेतले नाही, तरी बहुधा थोडे बरे वाटणारच. त्यात उपाय सापडल्याचा दिलासा मिळाला की निजण्याची धास्ती कमी होते, आणि धास्ती हेच जर जागण्याचे कारण असेल तर दिलासा हेच औषध ठरते. म्हणून ‘मी घेतले व मला गुण आला’ हे विधान प्रामाणिक असूनही मुळीचा गुण सिद्ध करीत नाही. कोणास खरी गोळी दिली व कोणास निर्गुण, हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला दोघांनाही कळू न देता दोन्ही गटांतील फरक मोजला, तरच मुळीचा स्वतःचा हिस्सा कळतो. जटामांसीसारख्या उग्र वासाच्या द्रव्याबाबत ही लपवालपवी फार कठीण जाते.

अश्वगंधा अगदी निर्धोक आहे असेही नाही. २०२० साली आइसलँड व अमेरिका येथील पाच रुग्णांना तिच्या सेवनानंतर कावीळ झाल्याचे प्रसिद्ध झाले. भारतातूनही पुढे तशी निवेदने आली. लाखो लोक ही मुळी घेतात हे पाहता हा अपाय विरळ म्हटला पाहिजे. पण त्वचा पिवळी होणे, लघवी गडद होणे किंवा सर्वांगास खाज सुटणे ही चिन्हे दिसताच ती तत्काळ बंद करून डॉक्टरांकडे जावे. यकृताचा किंवा गलग्रंथीचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी ती टाळलेली बरी. डेन्मार्क देशाने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. हा निर्णय अतिसावधपणाचा आहे असे आपल्याकडील पुष्कळ वैद्यांचे मत आहे, आणि पारंपरिक मात्रेत मुळाचे चूर्ण घेणे व मूळ आणि पाने यांचे कडक सत्त्व दीर्घकाळ घेणे यांत भेद केला पाहिजे हा त्यांचा आग्रह रास्त वाटतो.

एका वृद्धाश्रमातील प्रयोग

बंगळूरजवळ जिगणी येथे विवेकानंद योग अनुसंधान संस्थान आहे. तेथील एन. के. मंजुनाथ व शर्ली टेलीस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्या विषयाच्या अगदी मर्माशी येतो. एका वृद्धाश्रमातील ६९ रहिवाशांचे त्यांनी वयानुसार व चिठ्ठी-पद्धतीने तीन गट केले. पहिल्या गटास सहा महिने योगासने, श्वासाचे नियमन, शिथिलीकरण आणि योगविषयक व्याख्याने असा कार्यक्रम दिला. दुसऱ्यास अश्वगंधा, आवळा, बला, अर्जुन व पिंपळी असलेले आयुर्वेदीय रसायन दिले. तिसऱ्यास तूर्त काहीच दिले नाही. सहा महिन्यांच्या अखेरीस योगाच्या गटातील वृद्धांना झोप लागण्यास सरासरीने सुमारे दहा मिनिटे कमी लागू लागली, त्यांची एकूण झोप सुमारे एक तासाने वाढली व सकाळी ताजेपणाही अधिक वाटू लागला. उरलेल्या दोन्ही गटांत लक्षणीय बदल झाला नाही.

प्रयोग लहान होता, आणि झोपेच्या नोंदी वृद्धांनी स्वतः सांगितलेल्या होत्या. आपण योग करीत आहोत हे त्या गटाला अर्थात ठाऊकच होते, म्हणून दिलाशाचा हिस्सा येथेही वजा झालेला नाही. शिवाय योगवर्गाला रोज एकत्र जमणे, हालचाल करणे, कोणाशी दोन शब्द बोलणे हे वृद्धाश्रमातील एकाकी जिणे पाहता किती मोलाचे असेल! तरीही हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. चरकसंहितेत गेलेली निद्रा परत आणण्याचे उपाय सांगताना अभ्यंग, स्नान, दूध, तूप, दहीभात, अंग चेपणे, मनास रुचणारे गंध व शब्द, उत्तम बिछाना, सुखाचे घर आणि योग्य वेळ अशी यादी दिली आहे. मुळ्या-पाल्यांना तिच्यात जवळजवळ स्थान नाही. बहुतेक सर्व उपाय देहाला व मनाला ‘आता धोका नाही’ हे सांगणारे आहेत. (याच यादीत मद्यही आहे. त्याबाबत मात्र आजचे ज्ञान वेगळे आहे: मद्याने डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो.)

ऊन दुधाचा किंवा कोऱ्या फांटाचा पेला या दृष्टीने पाहावा. दिवे मंद करणे, कामाचे कागद व भ्रमणध्वनी दूर ठेवणे, पाणी उकळणे, दहा मिनिटे स्वस्थ बसून घोट घोट पिणे, आणि हे रोज एकाच वेळी करणे, याचा परिणाम पेल्यातील पाल्याहून मोठा असू शकतो. बाबुना, म्हणजे ज्याला शहरात कॅमोमाइल म्हणतात, त्या फुलांचा फांट या कामी चांगला आहे; चिंतेच्या सौम्य विकारात त्याच्या सत्त्वाचा थोडा उपयोग झाल्याचे प्रयोगही आहेत. झेंडूच्या कुळातील फुलांचे वावडे असणाऱ्यांनी तो घेऊ नये. तो रात्री पोटभर प्यायल्यास मात्र लघवीसाठी उठावे लागते, आणि उपायच अपाय होतो.

नावांचा घोटाळा

दुकानातून आणलेली वस्तू तीच आहे याची खात्री कशी करावी? ब्राह्मीचेच पाहा. कर्नाटकात ज्याला ‘ओंदेलगा’ म्हणतात व ज्याची चटणी आणि ताकातील तंबुळी बंगळूरच्या घरांतून आवडीने खातात ती वेल म्हणजे मंडूकपर्णी, आपल्याकडील कारिवणा. ब्राह्मी म्हणून तीही विकतात आणि पाणथळ जागी वाढणारी, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मीही विकतात. या दोन्ही निरनिराळ्या कुळांतल्या वनस्पती असून त्यांतील द्रव्येही भिन्न आहेत. ‘तगर’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर देवपूजेचे पांढरे फूल येते. वैद्यांची तगर मात्र हिमालयातील व्हॅलेरियन-कुळातील उग्र वासाची मुळी. झोपेसाठी युरोपात शतकानुशतके वापरात असलेली व्हॅलेरियन ही तिचीच बहीण. जटामांसी तिसरीच, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी खरी जटामांसी समजून जे शास्त्रीय नाव दिले ते आज तगरीकडे आहे, आणि घोळ कायम राहिला आहे. व्हॅलेरियनवर प्रयोग पुष्कळ झाले. तिच्यातील एक आम्ल मेंदूतील ‘गाबा’ या शमनकारी द्रव्याच्या कार्याला साहाय्य करते असे प्रयोगशाळेत दिसते, परंतु रुग्णांवरील निष्कर्ष इतके विसंगत आहेत की अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१७ साली जुनाट निद्रानाशासाठी ती वापरू नये असाच सल्ला दिला. बंगळूरमध्ये १९९३ साली स्थापन झालेल्या स्थानिक आरोग्य-परंपरा पुनरुज्जीवन प्रतिष्ठानाने औषधी वनस्पतींचे नमुने जमवून त्यांची ओळख पक्की करण्याचे मोठे काम केले आहे. जटामांसीच्या बाबतीत दुसरीही एक अडचण आहे: ती हिमालयाच्या उंच भागातच होते, मुळासकट उपटावी लागते, आणि आज ती नष्ट होण्याच्या गंभीर धोक्यात असलेल्या वनस्पतींत मोडते.

जायफळाविषयी एक सूचना येथेच द्यावी. उगाळून चाटविलेले जायफळ आपल्या आजीबाईंच्या बटव्यातील आहे आणि त्या मात्रेत प्रौढांना त्याचा त्रास होत नाही. पण ‘थोड्याने गुण येतो तर अधिकाने अधिक येईल’ हा हिशेब येथे घातक आहे. एखाददुसरे अख्खे जायफळ खाल्ल्यास मळमळ, धडधड, कोरडे तोंड आणि भ्रम होतो. बोहेमियाचा शरीरशास्त्रज्ञ पुर्किंये याने एकोणिसाव्या शतकात तीन जायफळे स्वतः खाऊन हा अनुभव घेतला होता. तान्ह्या मुलास झोपविण्यासाठी ते देऊ नये.

काढा केव्हा पुरत नाही

दोन-चार वाईट रात्री प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्यांवर कोणताही निरुपद्रवी पेला चालेल. पण आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप बिघडणे तीन महिने चालू राहिले, तर तो जुनाट निद्रानाश समजतात. त्यावर पहिला उपचार म्हणून २०१६ साली अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने जो सुचविला, त्यात ना मुळी आहे ना गोळी. अंथरूण आणि जागेपणा यांची जुळलेली जोडी मोडणे हा त्याचा गाभा आहे. डोळे जड झाल्याखेरीज अंथरुणावर पडावयाचे नाही. वीस-एक मिनिटे झोप न लागल्यास उठून मंद प्रकाशात दुसरीकडे बसावयाचे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावयाचे. दुपारची झोप सोडावयाची. आणि प्रत्यक्ष जितके तास झोप लागते त्याहून फार अधिक वेळ प्रारंभी अंथरुणात काढावयाचा नाही. पहिला आठवडा कठीण जातो. फेफरे किंवा तीव्र मनोविकार असणाऱ्यांनी झोपेचे तास डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज कमी करू नयेत.

काही वेळा झोप न लागणे हे दुसऱ्याच आजाराचे दार असते. पहाटे तीनला जाग येऊन मन काळोखे होणे, कशातच गोडी न वाटणे हे उदासीनतेच्या विकारात घडते. मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडणे, गलग्रंथीचा अतिरेक, दमा, सांधेदुखी हीही कारणे असतात. अशा रुग्णाने सहा महिने काढे घेतले तर काढ्याने कदाचित अपाय होणार नाही. अपाय होतो तो गेलेल्या सहा महिन्यांनी. चिंतेच्या गोळ्या आधीच चालू असतील तर त्या एकदम सोडून काढ्यावर येणे विशेष धोक्याचे आहे, कारण काही गोळ्या अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात. घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण व चहा डॉक्टरांना सांगावा. सेंट जॉन्स वर्ट या परदेशी वनस्पतीचा चहा यकृताला इतर औषधे वेगाने संपवावयास लावतो. गर्भनिरोधक गोळ्या त्यामुळे निष्प्रभ झाल्याची उदाहरणे आहेत.

निम्हान्समध्ये आज आयुर्वेद व योग यांचे उपचार आधुनिक उपचारांच्या जोडीने देणारा विभाग आहे, म्हणजे मंडईतील दुकान आणि होसूर रस्त्यावरील इस्पितळ यांतील अंतर थोडे कमी झाले आहे. ज्यांना बंगळूरला जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी-सेवा सुरू केली असून तिचे मुख्य केंद्र निम्हान्स आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक अहोरात्र चालू असतो, त्यास मूल्य पडत नाही आणि मराठीतूनही बोलता येते. आत्मघाताचा विचार मनात येत असेल त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री हा क्रमांक फिरवावा.